आधी आपली पट्टी, मग कॉर्ड : क्लासिक रॉक गाणी गिटारवर वाजवत गाण्यासाठी

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा शहादा येथे घरच्या घरी गिटार शिकलेल्या बहुतेक हौशी वादकांची अडचण एकाच ठिकाणी येते. कॉर्ड स्वच्छ वाजतात, गळाही सुरात असतो, परंतु दोन्ही एकत्र करायला गेले की हात थांबतो किंवा ओळ मध्येच तुटते. याचे कारण सराव कमी पडणे हेच आहे असे समजून माणूस तेच गाणे त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा घोकत राहतो. माझ्या मते मूळ कारण बहुधा दुसरे असते. गाणे ज्या पट्टीत, म्हणजे ज्या मूळ सुरावरून, धरले आहे ती पट्टी गाणाऱ्याची नसते, त्यामुळे त्याचे सगळे लक्ष गळ्याकडे ओढले जाते आणि हाताकडे पाहायला मन मोकळे राहत नाही. म्हणून या मार्गदर्शनात पट्टीचा विचार आधी केला आहे आणि बोटांचा नंतर. वाचकाला जी, सी, डी, ए, ई, ए मायनर, ई मायनर आणि डी मायनर हे साधे कॉर्ड येतात असे गृहीत धरले आहे.

पट्टी कशी शोधावी

खानदेशात गावोगावी भजनी मंडळे आहेत आणि अभंग सुरू होण्यापूर्वी पेटीवाला गायकाला काळी एक हवी की पांढरी दोन, हे विचारल्याशिवाय भाता हलवत नाही. रॉक गाणारा हौशी कलाकार मात्र हा प्रश्न स्वतःला विचारत नाही. मूळ ध्वनिमुद्रणातली पट्टी हीच त्या गाण्याची खरी पट्टी असे मानून तो तिच्यामागे धावतो. प्रत्यक्षात मोठमोठ्या बँडनीही गळ्यासाठी पट्टी बदललेली आहे. ईगल्स या अमेरिकी बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणे १९७६ च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये आले. गिटारवादक डॉन फेल्डर यांच्या चालीवर आधारलेले हे गाणे आधी गिटारला सोयीच्या ई मायनरमध्ये मुद्रित होऊ लागले होते. परंतु ही पट्टी गायक डॉन हेन्ली यांना फार चढी पडते असे दिसले, तेव्हा ती टप्प्याटप्प्याने खाली आणत अखेर बी मायनरवर गाणे स्थिरावले. ज्यांच्या हाताशी उत्तम वादक आणि स्टुडिओ होता त्यांनी गळ्याला मान दिला, मग घरी गाणाऱ्याने तो का देऊ नये?

पट्टी शोधण्याची रीत सोपी आहे. गिटार बाजूला ठेवावी आणि गाण्यातली सर्वांत उंच जाणारी ओळ, जी बहुधा ध्रुवपदात असते, ती गळा न ताणता आणि आवाज न चोरता जितक्या उंचीवर म्हणता येईल तितक्या उंचीवर म्हणावी. त्या ओळीतला सर्वांत वरचा सूर धरून ठेवून तो गिटारच्या पहिल्या किंवा दुसऱ्या तारेवर हुडकावा. त्यानंतर मूळ मुद्रण ऐकून तिथला तोच सूर हुडकावा. दोन्ही सुरांमध्ये जितक्या फ्रेटचे (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचे) अंतर असेल तितके अर्धस्वर सगळे गाणे वर किंवा खाली सरकवावे लागते. एवढे झाल्यावर गाण्यातली सर्वांत खालची ओळ नव्या पट्टीत म्हणून पाहावी. ती पुटपुटल्यासारखी होत असेल, तर एक-दोन अर्धस्वर परत वर यावे. वर थोडा जोर लागला तरी चालतो, पण खाली शब्द हरवले तर ऐकणाऱ्यापर्यंत काहीच पोचत नाही.

ज्यांची भजनातली पट्टी ठरलेली आहे त्यांना एक आधार तयारच असतो. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, पांढरी तीन म्हणजे ई, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी पाच म्हणजे जी आणि पांढरी सहा म्हणजे ए. मात्र या आधारावर डोळे झाकून विसंबू नये. अभंगात आपला षड्ज काळी एक असला, तरी रॉक गाण्यात चाल षड्जापासून किती वर आणि किती खाली फिरते हे दर गाण्याला वेगळे असते, आणि गळ्याला त्रास षड्जाचा होत नसून टोकाच्या सुरांचा होतो.

आता हे सरकवणे हातात कसे आणायचे ते पाहू. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर बसवून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, सूर फक्त वर नेतो, एका फ्रेटला एक अर्धस्वर या हिशेबाने. खाली यायचे असेल तर कॉर्डचे आकार बदलून मग कॅपो लावावा लागतो. समजा एखादे गाणे जी, डी, ए मायनर आणि सी या कॉर्डवर आहे आणि आपल्याला ते तीन अर्धस्वर खाली, म्हणजे ई या पट्टीत हवे आहे. सरळ ई पट्टीत वाजवायचे तर बी आणि एफ शार्प मायनर हे बार कॉर्ड (एकच बोट तारांवर आडवे दाबून धरायचे कॉर्ड) लागतात आणि नवशिक्याचा हात तिथेच दमतो. त्याऐवजी डी, ए, ई मायनर आणि जी हे आकार घ्यावेत आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावावा; सूर नेमके तेच निघतात आणि तारा मोकळ्या झंकारतात. एखाद्या मुलीला किंवा बाईंना हेच गाणे म्हणायचे असेल, तर पुरुषाच्या पट्टीपेक्षा चार-पाच अर्धस्वर वर जाणे बहुधा सोयीचे पडते, आणि मग जी चेच आकार ठेवून कॅपो पाचव्या फ्रेटवर लावला की काम होते. कॅपो पाचव्याच्या फार पुढे गेला की एकट्या गिटारचा आवाज बारीक होतो. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या सुरुवातीची बारा तारांची गिटार सातव्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवलेली आहे, परंतु तिथे खालची बाजू सांभाळायला बेस गिटार आहे, हे लक्षात ठेवावे.

आणखी एक उपाय म्हणजे सगळी गिटारच अर्धा सूर उतरवून लावणे. अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी आपली अनेक गाणी अशीच वाजवली आहेत. गळ्याला किंचित सैल वाटावे एवढाच फरक हवा असेल तर हा उपाय उत्तम आहे, आणि तारांचा ताण कमी झाल्यामुळे बोटांनाही बरे वाटते.

ताल : टाळी कुठे पडते

पट्टीचा प्रश्न सुटला की दुसरा प्रश्न उजव्या हाताचा. आपल्या कानावर लहानपणापासून केरवा बसलेला असतो आणि भजनात टाळी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडते. रॉकमध्येही बहुतेक गाणी चार मोठ्या ठोक्यांची, म्हणजे आठ मात्रांत बसणारीच असतात, पण वजन उलट्या जागी असते. ड्रमवाला पायाने पहिल्या आणि पाचव्या मात्रेच्या आसपास खालचा भारदस्त ठोका देतो, आणि ज्याचा कडक आवाज कानात भरतो तो स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. आपले मन नकळत पहिल्या मात्रेवर जोर देते, म्हणून कॉर्ड बरोबर असूनही गाणे रॉकसारखे वाटत नाही. यावर एकच औषध आहे. गिटार न घेता मूळ गाणे लावावे आणि फक्त तिसऱ्या व सातव्या मात्रेवर टाळी द्यावी. टाळी आपोआप पडू लागेपर्यंत तारांना हात लावू नये.

हौशी वादकाला शेकडो गाण्यांत उपयोगी पडेल असा हाताचा एक ठेका इथे नीट सांगतो. मनगट आठही मात्रांवर खाली-वर, खाली-वर असे न थांबता हलत राहते. विषम मात्रेला खाली, सम मात्रेला वर. पहिल्या मात्रेला पिक (तारा छेडायची छोटी चकती) खाली जाताना तारांना लागते. दुसऱ्या मात्रेला हात रिकामाच वर येतो. तिसऱ्याला खाली आणि जोरात, चौथ्याला वर आणि हलके. पाचव्या मात्रेला हात खाली जातो पण तारांना स्पर्श करत नाही. सहाव्याला वर, सातव्याला पुन्हा खाली आणि जोरात, आठव्याला वर. सगळी मेख पाचव्या मात्रेत आहे. तिथे आवाज नाही म्हणून शिकणारा हातच थांबवतो, आणि हात थांबला की पुढची सहावी मात्रा उशिरा येते. आवाज नसला तरी मनगट हललेच पाहिजे, कारण तेच मनगट गाताना आपला तबलजी असते. आठव्या मात्रेचा आणखी एक उपयोग आहे. त्या शेवटच्या वरच्या फटकाऱ्याला डावा हात कॉर्ड सोडून मोकळ्या तारा वाजू देऊ शकतो. तेवढ्या निमिषात पुढचा कॉर्ड धरता येतो आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही.

हात आणि गळा जुळवताना घाई केली की सगळे बिघडते. आधी डाव्या हाताने तारांवर बोटे नुसती टेकवून त्यांचा सूर बंद करावा आणि उजव्या हाताने वरचा ठेका चालू ठेवून गाण्याचे शब्द बोलावेत. गायचे नाही, फक्त तालात बोलायचे. कोणता शब्द कोणत्या मात्रेवर पडतो हे इथेच कळते. बोलणे न अडखळता पार पडले की त्याच बंद तारांवर चाल गुणगुणावी, आणि त्यानंतरच कॉर्ड धरावेत. कॉर्ड धरताना पहिल्यांदा ठेका सोडून प्रत्येक कॉर्ड एकदाच खाली वाजवून गावे, मग पूर्ण ठेका आणावा. ज्या ठिकाणी अडते ती जागा बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे समेच्या आधी उठणारी ओळ. ठुमरीचा मुखडा जसा समेच्या आधी उचलला जातो, तशा रॉकमधल्या कितीतरी ओळी आदल्या आवर्तनाच्या सातव्या-आठव्या मात्रेपासून सुरू होतात. तिथे शब्दाबरोबर कॉर्ड बदलायचा मोह होतो, पण कॉर्ड समेवरच बदलतो. कागदावर शब्द लिहून कॉर्डचे नाव नेमक्या त्या अक्षराच्या डोक्यावर लिहावे. ओळीच्या सुरुवातीला सरसकट लिहिलेले कॉर्ड फसवतात. इंटरनेटवर मिळणारे कॉर्ड तर कानाने तपासल्याशिवाय कधीच घेऊ नयेत.

शब्दांचा उच्चार

अहिराणी किंवा मराठी बोलणारा माणूस इंग्रजी ओळीतल्या सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजीत शब्दाच्या एखाद्याच अक्षरावर आघात असतो आणि चांगला गीतकार तो आघात ठोक्यावर बसवतो. आघात चुकला की तालही घसरल्यासारखा वाटतो. म्हणून कागदावर आघाताच्या अक्षराखाली रेघ मारून ठेवावी. आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी वापरला जातो, तेवढे मात्र वेगळे करावे. एकात खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात. सूर लांबवताना स्वर लांबवावा, व्यंजन शेवटी झटकन सोडावे. अमेरिकी उच्चारांची नक्कल करण्याची मुळीच गरज नाही. आपल्या स्वच्छ उच्चारात अर्थ समजून गायलेली ओळ अधिक प्रामाणिक वाटते, आणि त्यासाठी गाणे हाती घेण्यापूर्वी त्याचा अर्थ शब्दन्‌शब्द समजून घेतलाच पाहिजे.

कोणत्या गाण्यांपासून सुरुवात करावी

पहिले गाणे म्हणून मी अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांचे १९७३ मधले ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ सुचवतो. जी, डी, ए मायनर आणि पुढच्या फेरीला जी, डी, सी, एवढ्यावर सगळे गाणे चालते. लय संथ आहे, चालीचा पल्ला लहान आहे आणि ध्रुवपदात तेच शब्द फिरून येतात, त्यामुळे मन हाताकडे द्यायला फुरसत मिळते. शिवाय कोणत्याही पट्टीत हे गाणे शोभते, म्हणून वर सांगितलेला कॅपोचा सराव याच गाण्यावर करावा.

दुसऱ्या टप्प्यावर क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडकडे वळावे. त्यांचे १९६९ चे ‘बॅड मून रायझिंग’ डी, ए आणि जी या तीन कॉर्डवर आहे, पण लय जलद आहे आणि शब्द दाटीने येतात. मंद लयीत सुरू करून हळूहळू वाढवावे. ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ सी पट्टीत असून त्यात एफ कॉर्ड येतो. पूर्ण बार कॉर्ड बसत नसेल तर अडून राहू नये. पहिल्या बोटाने पहिल्या फ्रेटवर फक्त पहिल्या दोन तारा दाबाव्यात, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवावी, आणि पाचवी-सहावी तार वाजवू नये. बोट नेहमी फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी खेटून, तिच्या अलीकडे हवे. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबले तर दुप्पट जोर लावूनही तार करकरते. या बँडचे गायक जॉन फोगर्टी यांचा आवाज चढा आणि खरखरीत आहे. तो खरखरीतपणा उसना आणण्याच्या नादात पुष्कळ तरुण घसा बसवून घेतात. पट्टी दोन-तीन अर्धस्वर उतरवावी आणि आपल्याच आवाजात गावे.

तिसरे गाणे दादऱ्याच्या अंगाचे निवडावे, म्हणजे हाताला दुसरी चाल कळते. ‘द हाऊस ऑफ द रायझिंग सन’ हे मुळात पारंपरिक लोकगीत. द ॲनिमल्स या इंग्लिश बँडने ते १९६४ मध्ये सहा मात्रांच्या झोकात बांधले. ए मायनर, सी, डी, एफ; मग ए मायनर, सी, ई, ई; पुन्हा ए मायनर, सी, डी, एफ; आणि शेवटी ए मायनर, ई, ए मायनर, ई, असा त्याचा फेरा आहे आणि प्रत्येक कॉर्डला सहा मात्रा मिळतात. फटकारे न मारता एकेक तार छेडावी: कॉर्डची जाड तार, मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर किंचित वजन दिले की दादरा आपोआप उभा राहतो. मूळ गायक एरिक बर्डन खालच्या सुरात सुरुवात करून पुढच्या कडव्यांत एकदम वरच्या सप्तकात जातात. आपली पट्टी ठरवताना त्या वरच्या कडव्यांचा हिशेब आधी करावा. तिथे जाणे झेपत नसेल तर सगळे गाणे खालीच ठेवून आवाजाचा जोर वाढवत न्यावा, त्यानेही गाणे चढते.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मात्र पहिल्या वर्षी घाईने घेऊ नये. कॅपोसह ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन अशी त्याची मांडणी हाताला अवघड नाही. अवघड आहे ते संपूर्ण गाणे एकाच गिटारवर रंगवत नेणे. ज्या गाण्याची ओळख शेवटच्या दोन गिटारींच्या जुगलबंदीत आहे ते एकट्याने गाताना शब्दांवर विशेष पकड लागते.

आपल्या हवेत गिटार सांभाळताना

गिटारची लाकडे हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतात आणि आकसतात. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तेव्हा ती सुखात असतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी पडते. अशा वेळी फ्रेटबोर्डचे लाकूड आकसून फ्रेटची टोके बाहेर डोकावतात आणि हात सरकवताना तळव्याला खरवडतात. पुढची पाटी खाली बसते, तारा फ्रेटला लागून खरखरतात, आणि दुर्लक्ष केले तर पाटीला चीर पडते. म्हणून उन्हाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नये, केसमध्येच ठेवावी. झाकणाला भोके पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा घालून ती केसमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करावा. पाणी लाकडावर ठिबकता कामा नये. कूलरच्या झोतासमोर बसून वाजवू नये. रात्रभर ओली हवा आणि दुपारी वीज गेल्यावर भट्टीसारखी कोरडी हवा, हा फेरा लाकडाला नुसत्या कोरडेपणापेक्षाही वाईट. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत गिटार कधीच ठेवू नये, तिथे ब्रिजखालचा (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याखालचा) डिंक मऊ होऊन ब्रिज उचलला जातो. पावसाळ्यात उलटे होते. लाकूड फुगते, तारा वर उचलल्यासारख्या होतात आणि गंजतात. तेव्हा स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. वाजवून झाल्यावर सुती कापडाने तारा पुसण्याची सवय बाराही महिने हवी.

तारा दहा किंवा अकरा नंबरच्या घ्याव्यात. पहिली तार ०.०१० किंवा ०.०११ इंच जाडीची असते, आणि गाणाऱ्याला त्याहून जाड तारांचा ताण सोसण्याची गरज नाही.

लोकांसमोर गाताना

गणेशोत्सवाचा मंडप असो की महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, आपल्याकडचा साऊंडवाला माइकला एको लावूनच ठेवतो. एको असला की प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि गिटारचा ठेका धूसर होतो. कार्यक्रमाच्या आधी जाऊन, त्यांना सन्मानाने विनंती करून, तो पूर्ण बंद करून घ्यावा. गिटारला पिकअप (गिटारचा आवाज थेट साऊंडकडे नेणारे यंत्र) नसेल तर दुसरा माइक बाराव्या फ्रेटच्या समोर, साधारण वीतभर अंतरावर ठेवावा. आवाजाच्या भोकासमोर ठेवला तर घुमारा आणि शिट्टी दोन्ही त्रास देतात. गाण्यापूर्वी तासभर तरी पोटभर जेवू नये, कारण भरल्या पोटी श्वास खोल जात नाही, आणि आपली शेवभाजी घशाशी आली तर वरचे सूर लागत नाहीत. पाणी साधे प्यावे, फ्रिजमधले नको.

मंचावर चढण्यापूर्वी गिटार पुन्हा एकदा ट्यूनरवर लावावी, कॅपो लावल्यानंतर परत तपासावी, कारण कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात. पहिले गाणे आपल्याला झोपेतही येईल असे आणि गळ्याला सर्वांत सोपे असे घ्यावे; वरच्या सुरांचे गाणे तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर ठेवावे, तोवर गळा तापलेला असतो. दोन गाण्यांत कॅपो बदलावा लागणार असेल तर त्याचे फ्रेट कागदावर गाण्याच्या नावापुढे ठळक लिहून ठेवावे.